खंडेनवमीला सुरू न झालेली गाडी

अंबडच्या त्या गल्लीत कुणाची गाडी अडली, की गॅरेजवाल्याच्या आधी राधाकिसननानांना फोन जायचा. नाना म्हणायचे, "फोन बोनेटापाशी धर अन् चावी मार." मग डोळे मिटून ऐकायचे. "पट्टा ढिला झालाय रे," नाहीतर, "पेट्रोलात कचरा आलाय. पाइप काढून फुंक." उभी हयात जालना-अंबड टॅक्सी चालवलेला माणूस. त्यांच्या स्वतःच्या पांढऱ्या मारुतीनं गॅरेज कधी पाहिलं नाही. ब्रेक असोत, क्लचची केबल असो, सगळं अंगणात, गोणपाट अंथरून.

केशरबाई चहा आणून बाजूला ठेवायच्या आणि टोमणा मारायच्या, "माझ्या भाजीत मीठ कमी हाय का जास्त, ते कधी कळलं न्हाई तुम्हाला. हिला सर्दी झाली तरी कळते."

"ती बोलते ना माझ्यासंगं."

"अन् मी काय मुकी हाय?"

श्रावणात नाना ज्वारी दळायला म्हणून गाडी घेऊन गेले, ते दुपार टळली तरी आले नाहीत. जालना रस्त्यावर मधोमध गाडी उभी होती, इंजिन चालू, मागच्या सीटवर ज्वारीचा डबा. घर कुठं, असं लोकांनी विचारलं तेव्हा नानांनी सासुरवाडीचं नाव सांगितलं. ते गाव कुणाला ओळखीचं निघालं, म्हणून केशरबाईंच्या भावाकडून निरोप आला.

डॉक्टरनं गोळ्या दिल्या. पुण्याहून मुलगा भारत फोनवर म्हणाला, "आई, चावी लपव." केशरबाईंनी लपवली. नानांनी पिठाच्या डब्यात हात घालून पाहिलं, गाद्या उसवल्या, शेवटी समोरच्या घरी जाऊन चोरीचा आळ घेतला. केशरबाईंनी चावी परत खुंटीला अडकवली आणि त्या दिवसापासून दारातच बसून भाजी निवडायला लागल्या.

मग खंडेनवमी आली. या दिवशी नाना पाने, जॅक, पंप धुऊन पाटावर मांडायचे, गाडीला झेंडूचा हार घालायचे आणि पूजा झाली की केशरबाईंना शेजारी बसवून जांब समर्थला दर्शनाला न्यायचे. लग्नानंतर टॅक्सीतून, मग स्वतःच्या गाडीतून. बाकी पुष्कळ विसरले होते, हे विसरले नव्हते. चार दिवसांपासून एकच घोष चालला होता, "जांबला जायचंय. दशम्या कर."

भारत दुपारपर्यंत येणार होता. तोवर गाडी हलायला नको होती. नाना आंघोळीला गेल्यावर केशरबाईंनी दहाचा पाना घेतला, बोनेट उचललं आणि बॅटरीची एक तार सोडवून बाजूला सारली. हे काम त्यांनी नानांच्या हाताखालीच पाहिलेलं. सापडायला नानांना कितीसा वेळ लागणार? सापडेल, आरडाओरडा होईल, आपणही वरचढ बोलू. भांडणात दुपार होईल, असा त्यांचा हिशेब होता.

पूजा झाली. नानांनी चावी फिरवली. काहीच नाही. दिवा नाही, टिकटिक नाही.

त्यांनी बाह्या सरसावून बोनेट उचललं. केशरबाई दारात उभ्या राहिल्या, भांडणाच्या तयारीनं.

नानांनी प्लग काढले. पॉलिश पेपरनं घासले, बसवले. चावी. काही नाही. पेट्रोलचा पाइप सोडवून तोंडानं ओढला, थुंकले. एअर फिल्टर झटकला. त्यांचा हात त्या सुट्या तारेवरून गेला, कोपरानं ती हलली, आणि हात पुढं गेला.

 आधी केशरबाई मनात म्हणत होत्या, लवकर सापडू नये. आता म्हणू लागल्या, सापडू दे देवा. हवं तर जांबला जाऊ. रस्ता चुकला तरी चुकू दे.

"तिथं बॅटरीपाशी काहीतरी ढिलं दिसून राह्यलं," त्या शेवटी म्हणाल्या.

"तू सैपाक बघ. गाडीतलं तुला काय कळतं?"

शेजारचा वसंता झेंडूची फुलं घेऊन आला. बोनेटमध्ये डोकावला आणि हसला, "नाना, अहो हे तर..."

केशरबाईंनी नको अशी मान हलवली. वसंताचं हसू विरलं. याच अंगणात तो गाडी शिकला होता.

"हे तर काय?" नाना म्हणाले.

"हे... फुलं आणल्ती. ठिवतो हितं." पायांत चप्पल नीट न घालताच तो निघून गेला.

ऊन अंगणात उतरलं. नानांच्या कपाळाला काळं लागलं होतं. ते गोणपाटावर बसले, हाताकडं बघत. मग अगदी हळू, कुणी ऐकू नये असं, म्हणाले,

"केशर, चावी मारली अन् आवाजच न्हाई आला, तर आधी काय बघायचं असतं गं?"

अर्ध्या अंबडला त्यांनीच सांगितलेलं, आधी बॅटरी. केशरबाईंच्या ओठांवर शब्द आला होता. नानांची नजर त्यांच्या तोंडाकडं लागलेली, शाळेतल्या पोरासारखी.

"प्लग," त्या म्हणाल्या.

"बराबर!" नानांचा चेहरा उजळला. "मी म्हणतच होतो, प्लगच असंल." ते गुडघ्यावर हात देऊन उठले आणि मघाशी घासलेले प्लग पुन्हा काढू लागले. केशरबाई शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. एकेक प्लग त्यांच्या हातात येत गेला, तसा त्या पदरानं पुसत राहिल्या.