सलामकाका

मोहोपाड्याच्या बाजारात रस्त्यापलीकडून कारखान्याच्या भोंग्यावर मात करणाऱ्या आवाजात "सलाम!" आला, की मान न वळवता कळायचं, काका आले. नात्याचे नव्हेत, आमच्या चर्चच्या मंडळीतले जुने पंच. उभा जन्म बॉयलरच्या घरघरीत गेल्यामुळे त्यांना सगळं जगच बहिरं वाटायचं.

आमच्या मंडळीत ह्या सलामाचा एक अलिखित नियम होता. विश्वासातल्या माणसाला सलाम, बाहेरच्याला नमस्कार. आणि जो विश्वास सोडून जाईल, त्यालाही दुसऱ्या दिवसापासून नमस्कार. भांडण नाही, वाळीत टाकणं नाही, नुसता गोड नमस्कार. तो किती झोंबतो, हे ज्याला मिळतो त्यालाच ठाऊक!

माझ्या थोरल्या भावाला तो मिळाला. दादाची लेक तापाने गेली. मंडळीने उपास केले, प्रार्थना केल्या, तरी गेली. पुढच्याच रविवारी भर उपासनेत दादा उठला, "तुमचा देव तुम्हालाच लखलाभ," म्हणाला आणि चालता झाला. कुंभिवलीला हायवेवर त्याचं गॅरेज आहे. तिथल्या भिंतीवरचा क्रूसही त्याने उतरवला. आईने अंथरूण धरलं. नात प्रभूजवळ आहे ह्याची तिला खात्री होती, पण लेकाचं काय? तो तिथे आपल्या लेकीला भेटणार का? येईल त्याला ती हेच विचारायची.

आमचे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, भला माणूस, पण ह्या बाबतीत कडक. "ज्याने प्रभूची कृपा चाखली आणि जाणूनबुजून नाकारली, त्याचं तारण गेलं, त्याला स्वर्ग नाही," हे त्यांनी आईला सांगितलं, तेव्हा त्यांच्याच डोळ्यांत पाणी होतं. खोटा दिलासा त्यांना पाप वाटायचा. काका शेजारी चहा पीत होते. बशी आपटून म्हणाले, "तारण म्हंजे काय एसटीचा पास हाय, मुदत संपली की कंडक्टरनं खाली उतरवायला?"

"म्हणजे विश्वास सोडला तरी चालतं?" पाळक भडकले. "मग लोक वाटेल तसे वागतील, काका!"

"चालतं कोण म्हणतंय? बाप कान पिळंल, उपाशी ठेवंल. पण घराबाहेर नाय काढणार. पोरानं धरलेला हात सुटतो, तुमी म्हणता ते खरं हाय. पण बापानं धरलेला कसा सुटंल?"

बोलून थांबणाऱ्यांतले ते नव्हतेच. दर शनिवारी त्यांची स्कूटर बिघडायची आणि नेमकी कुंभिवलीलाच दुरुस्त व्हायची. बिघाड कसला? काका स्वतःच वाटेत एखादी वायर उपटायचे! "सलाम, पोरा!" म्हणून ओरडायचे. दादा मान वर न करता वायर जोडून द्यायचा. एकदा मी सोबत होते. वैतागून म्हटलं, "काका, तो उत्तर देत नाही. कशाला घसा फोडता?"

"देत नाय गं. पण ऐकतो ना."

पुढे काका विसरायला लागले. आधी चष्मा, मग घराची वाट, मग प्रार्थना. एकदा भर उपासनेत थांबून त्यांनी विचारलं, "आपण हे कुणाला सांगतोय?" पाळक व्यासपीठावरून खाली आले, काकांचा हात हातात घेऊन म्हणाले, "तुम्ही विसरलात, काका. तो नाही विसरला."

मला राहवलं नाही. "मग हेच माझ्या भावाला लागू करा की!"

"विसरणं वेगळं, सोडणं वेगळं," ते म्हणाले. पण त्या दिवशी त्यांचा उपदेश रंगला नाही.

काकांचं कानावर आलं तसा दादा गॅरेज बंद करून त्यांच्या घरी गेला, मीही मागोमाग गेले. काका खिडकीशी बसले होते. त्यांनी दादाकडे परक्यासारखं पाहिलं. ऑइलने काळे झालेले हात पाठीमागे धरून दादा म्हणाला, "सलाम, काका." किती वर्षांनी तो शब्द त्याच्या तोंडून ऐकला मी! काका परत बाहेर बघू लागले.

दादा चर्चमध्ये अजूनही येत नाही. पण शेवटपर्यंत दर शनिवारी तो काकांकडे जात राहिला. एकदा दारात पाळक भेटले. नमस्कारासाठी त्यांचे हात जुळत आलेच होते, ते मध्येच थांबले. "सलाम," पाळक म्हणाले.

त्या संध्याकाळी आईने दादाला विचारलं, "काका काही बोलले का रे?"

"नाही."

"मग कशाला जातोस?"

"ऐकतात ना."

तेव्हापासून आईने लेकाच्या तारणाचा तिचा तो प्रश्न कुणालाच विचारलेला नाही. पाळकांनासुद्धा नाही.