मंदामावशी आणि आयटीची स्थळं

मंदामावशी कुणाच्याही रिझ्युमेला पत्रिका म्हणायची. समोर बसलेला इंजिनिअर कितीही मोठा असो, ती चष्मा कपाळावर चढवून हात पुढे करायची. “पत्रिका आणलीस? दाव.” मग नोकरीत कुठे खंड पडलेला दिसला की त्यावर बोट ठेवून विचारायची, “हा मंगळ कवापासून?”

उरणच्या बाजारात सुक्या मासळीच्या दुकानावर तिचं वधू-वर सूचक केंद्र होतं. जिना चढेपर्यंत बोंबलांचा वास आणि वर पोहोचल्यावर उदबत्तीचा. पंचक्रोशीतली निम्मी लग्नं तिनं जमवलेली, त्यात माझंही एक. मी सॉफ्टवेअर टेस्टर. माझ्या सासुरवाडीला तिनं माझं काम सांगितलं होतं ते असं : “पोरगा लोकांच्या चुका काढतो आनि त्याचाच पगार घेतो.” व्याख्या अगदी बरोबर होती, पण सासरे पहिलं वर्षभर माझ्यापुढे जपून बोलायचे.

आयटीच्या धंद्यात ती पडली ती रागाच्या भरात. मध्यंतरी कंपन्यांनी माणसं कमी करायचा सपाटा लावला. मुलाचा साखरपुडा व्हायचा आणि लग्नाच्या आधी नोकरी जायची. मग मुलीचा बाप मावशीच्या जिन्यावर हजर. अशी ठरलेली तीन-चार लग्नं मोडल्यावर मावशी भडकली. “लगीन मी जमवायचं आनि कंपनीनं मोडायचं? मंग नोकऱ्याबी मीच जमवते!” तिनं पाटी रंगवणाऱ्याला बोलावून खाली ‘व आयटी भरती’ असं लिहायला सांगितलं. त्यानं लिहिलं ‘आयटी भारती’. पुढचे कित्येक दिवस लोक वर येऊन ही भारती कुठली, शिक्षण किती, फोटो आहे का, असं विचारत होते. मावशीनं पाटी बदलली नाही. म्हणाली, “र्‍हाऊ दे, त्या भारतीपायी मान्सं तरी येतात वर.”

या धंद्याची सगळी भाषा तिनं आपल्या भाषेत बसवून घेतली होती. नोटीस पिरियड म्हणजे चातुर्मास, त्यात मुहूर्त नाही. कंत्राटावर दुसऱ्या कंपनीत जाऊन बसणारा तो घरजावई. ऑफर घेऊन रुजू व्हायच्या दिवशी फोन बंद करणारा तो बोहल्यावरून पळालेला, आणि त्याचं नाव ती पुन्हा तोंडातून काढायची नाही. कॅमेऱ्यासमोर बसवून मशीनच प्रश्न विचारतं ती नवी मुलाखत तिला मुळीच पटली नव्हती. “ह्यो कसला अंतरपाट! समोर कोन हाय त्येच दिसंना, आनि मंगलाष्टका चालू!” मुलाखत घ्यायला येणाऱ्यांना ती पाहुणे म्हणायची आणि मुलाखतीला ‘बघायला येणं’. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं रामायण या दोन शब्दांनी घडवलं.

मग माझीही पाळी आली. सोळा वर्षांची नोकरी एका व्हिडिओ कॉलवर आटोपली. वय त्रेचाळीस. मी अर्ज करायला लागलो आणि चुलीवर ठेवलेला चहा उकळायच्या आत नकार यायला लागले. इतक्या वेळात माणसाला माझं नावदेखील वाचून होणार नाही. वाचत नव्हतंच कोणी, मशीन चाळत होतं. शाळेत मुलीला बाईंनी विचारलं, बाबा हल्ली काय करतात? ती म्हणाली, घरी बसून आईच्या चुका काढतात. आम्ही तिघंही पोट धरून हसलो. पण मला भीती वाटत होती. आता आपल्याला कोणी घेणारच नाही, ही भीती मी बायकोला, सुजातालाही नीट सांगू शकत नव्हतो.

शेवटी मावशीचा जिना चढलो. तिनं मला खालून वर न्याहाळलं.

“जावई, तू आता बिजवर झालास.”

“मावशी!”

“खोटं हाय? बिजवराला स्थळ गावतं, पर जरा धीर धरायला लागतो. पत्रिका मोबाईलवर धाड. न्हावा शेव्याला कंटेनरवाली एक कंपनी हाय, मान्सं शोधते.”

पंधरवड्यानं तिचा फोन आला. आवाज एवढा की सुजातानं ओट्यापाशी ऐकला. “जावई, पसंती आली रं! तुझं नाव घेऊन फोन केला त्यांनी. संदीपला बघायला रविवारी येतो म्हन्ले पाहुणे. घर बघतील, मान्सं बघतील. पोहे करून ठेव.”

हल्ली कंपन्या घरी माणूस पाठवून चौकशी करतात, हे मला ठाऊक होतं. म्हणून मला जराही शंका आली नाही. मी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. सुजातानं पडदे बदलले.

रविवारी गाडी दारात थांबली. पांढऱ्या टोपीतले एक गृहस्थ उतरले, त्यांचे धाकटे भाऊ उतरले आणि मागून तिशीतली एक चष्मेवाली मुलगी. “आम्ही माणगावचे,” गृहस्थ म्हणाले. मी म्हटलं, असेल, हल्ली लोक गावाकडूनच काम करतात.

“घर स्वतःचं?” त्यांनी विचारलं.

“हो, वडिलांनी बांधलेलं.”

“व्यसन वगैरे?”

“चहा.”

“बरं. कागदावर फोटो नव्हता, म्हणून म्हटलं समक्षच जाऊ. आधीचं कुठलं होतं?”

“ऐरोलीला. सोळा वर्षं एकाच ठिकाणी.”

गृहस्थांच्या हातातला पाण्याचा पेला थबकला. “सोळा वर्षं! मग सुटलं कशानं?”

“माझ्याकडून काहीच नव्हतं. त्यांनीच सोडलं. त्यांना आता तरुण आणि स्वस्तातला हवा होता.”

“अरे देवा,” भाऊ पुटपुटले.

“पण कडवटपणा नाही हो. अजून बोलणं असतं. दिवाळीला त्यांचा मेसेज येतो.”

मुलीनं तोंडावर रुमाल धरला होता. तिचे खांदे हलत होते. तेवढ्यात सुजाता पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली. गृहस्थांनी आदरानं विचारलं, “या आपल्या भगिनी का?”

“ही माझी बायको.”

“आधीची?”

“आत्ताची!”

मग ती मुलगी जी हसत सुटली ती थांबेचना. बशीतले पोहे सतरंजीवर सांडले. बाप उठून उभा राहिला, काका चपला शोधायला लागले आणि सुजाता माझ्याकडे असं बघत होती, की मशीनचे सगळे नकार मला त्या क्षणी मायाळू वाटले.

“बाबा, बसा,” मुलगी डोळे पुसत म्हणाली. “मला घरीच कळलं होतं, पण हा माणूस मला बघायचाच होता. लग्नाच्या बायोडेटात कोणी ‘लाँचबोटीच्या बुकिंगमध्ये तीस फेब्रुवारीचं तिकीट काढून दाखवलं’ असं लिहितं का?”

झालं होतं ते एवढंच. मावशीच्या मोबाईलवर दोन फाईली होत्या, आणि तिनं दोन्हींना ‘स्थळ’ हेच नाव देऊन ठेवलं होतं. माझी गेली माणगावला, प्रज्ञासाठी. आणि करंजाच्या निलेशची, जो दोन ट्रेलरचा मालक आणि लग्नाचा होता, ती गेली कंटेनर कंपनीला.

प्रज्ञा बेलापूरच्या एका कंपनीत टेस्टिंगची प्रमुख होती. “आमच्याकडे तुम्ही दोनदा अर्ज केला होता,” ती म्हणाली. “काल मी मुद्दाम शोधलं. मशीननं दोन्ही वेळा बाजूला टाकला. माझ्यापर्यंत तो आलाच नाही. पण मावशींचा कागद आल्यावर आमच्या घरात आजीनं वाचला, काकूनं वाचला, बाबांनी दोनदा वाचला. मग माझ्या हातात आला.” तिनं उरलेले पोहे पुढ्यात ओढले. “आता सांगा, ते तिकीट कसं निघालं?”

मी सांगत गेलो, ती विचारत गेली. आज कित्येक महिन्यांनी माझ्याशी कोणीतरी माझ्या कामाबद्दल बोलत होतं. मला भरून आलं आणि ते लपवायला मी दोनदा पाणी प्यालो. तिच्या वडिलांना मात्र दिवस फुकट गेल्याचं दुःख अनावर झालं होतं. ते काकांना हळूच म्हणाले, “माणूस चांगला होता हो.”

पुढे बेलापूरला रीतसर दोन मुलाखती झाल्या, माणसांनी घेतलेल्या, आणि मला नोकरी लागली. तिकडे निलेशची कथा आणखी पुढे गेली होती. निर्व्यसनी, मेहनती, एकत्र कुटुंबात मिळून-मिसळून राहणारा, हे वाचून कंटेनर कंपनीच्या मशीननं त्याला पहिल्या फटक्यात पुढच्या फेरीत घेतलं. बिचारा नवा शर्ट घालून लॅपटॉपसमोर बसला. मशीननं स्वतःबद्दल सांगायला सांगितलं. तो म्हणाला, “माझं सांगतो, पर आदी पोरगी तर दावा!”

मी पेढे घेऊन गेलो तेव्हा मावशी दोन्ही हात कानांना लावून हसत होती. “मेलं, चुकलं माझं! चुकलंच! पर जावई, एक सांगते. लग्नाची पत्रिका घरातलं म्हातारं मानूसबी चष्मा लावून वाचतं, कारन पोर द्यायची असते. नोकरीची कोन वाचतंय? कंपनीवालेबी मानूस घरातच घेत्यात ना?”

मावशी गेल्या वर्षी गेली. झोपेतच, कुणाला तसदी न देता. बाराव्याला ही गर्दी. कोण लग्नाचं आणि कोण नोकरीचं ते ओळखू येईना. बोहल्यावरून पळालेलेही दोघं-तिघं आले होते आणि मागे उभं राहून डोळे पुसत होते. मीही रडलो. तिच्या दारात रडताना लाज वाटायचं काही कारण नव्हतं.

आता माझ्या हाताखाली माणसं घ्यायची असतात. मशीन चाळतं, निवडतं, बाकीचे बाजूला टाकतं. दर शुक्रवारी दुपारी मी ते बाजूला टाकलेले उघडून बसतो. सगळे होत नाहीत, पण जेवढे होतात तेवढे पुरते वाचतो. मागच्या महिन्यात अलिबागच्या एका बाईंना फोन केला. मुलांसाठी नोकरी सोडून बरीच वर्षं झालेली. मी त्यांना म्हटलं, तुमचा अर्ज वाचला, शाळेच्या वेळापत्रकाचं काम तुम्ही घरी बसून केलंत ते मला आवडलं, त्याबद्दल बोलायचंय.

पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला.

“सर,” त्या हळूच म्हणाल्या, “ते तर शेवटच्या पानावर आहे.”