आत्याची मास्तरीण

कॉम्प्युटरचं बटण दाबायच्या आधी आत्या बोट हवेत धरायची आणि डावीकडं बघायची. डावीकडं तिची नात उभी असायची. पुढं नात कॉलेजात गेली, तरी आत्या त्या मोकळ्या जागेकडं बघायचीच, मान डोलवायची आणि मग बटण दाबायची.

घाटनांदूरच्या अलीकडं आमच्या गावात सहकारी डेअरी होती. मी तिथं दुधाची फॅट तपासायचो. भीमनगरातली आत्या कॅन धुवायची. सगळं गाव तिला आत्याच म्हणायचं. डेअरीत कॉम्प्युटर आला तेव्हा चेअरमन सगळ्यांसमोर म्हणाले, "जो शिकंल त्यानं खुर्चीत बसावं." सचिव हात लावायलाही घाबरला. आत्या म्हणाली, "मी शिकते की. सातवी झालीया माझी."

सगळे हसले. तुम्हीही हसला असता.

तिचा मुलगा आणि सून दरसाल ऊसतोडीला जायचे. नात आजीपाशी राहून शिकायची, शाळेत कॉम्प्युटर चालवायची. दूध घालणारे पांगले की डेअरीत या दोघींची शाळा भरायची.

"आज्जे, हळू दाब की! भाकर थापायलीस का?"

"बघा सायेब, मास्तरीण लई खडूस मिळाली," आत्या मला म्हणायची, आणि पुन्हा बोट हवेत.

दिवाळीपर्यंत आत्या खुर्चीत बसली. दुधाचं माप टाकायची, पावती काढायची. कॉम्प्युटर अडला की रांगेतल्या गड्यांना सुनवायची, "कावून वरडता? त्याला बी दम खाऊ द्या." त्याच पगारावर नात अंबाजोगाईला कॉलेजात गेली.

मग दुष्काळ पडला. जनावरं छावणीत गेली, दूध आटलं, डेअरीला कुलूप लागलं. चेअरमननी कॉम्प्युटर 'जपायला' म्हणून घरी नेला. पाऊस झाल्यावर डेअरी उघडली, तेव्हा खुर्चीत चेअरमनची सून बसली होती.

"आत्या, तू कॅन बघ," चेअरमन म्हणाले. "आन् हिला जरा शिकव."

मी म्हणालो, "काम तर आत्याच करत होती."

"तुमी फॅट बघा."

आत्यानं पदर खोचला. "शिकवते. पर तिला उठ म्हणावं. मी बसून शिकले, बसूनच शिकवीन."

सून उठली. आत्यानं तिला सगळं दाखवलं, काही हातचं राखलं नाही. नंतर मी चिडून विचारलं, "कशाला शिकवलंस?" ती कॅन घासत म्हणाली, "माझ्या नातीनं माझ्यापासून काय राखून ठिवलं व्हतं?"

कॅनच्या मजुरीत कॉलेज भागेना, ते सुटलं. आता नातीनंही ऊसतोडीला जायचं, पण मुकादम एकट्या पोरीला घेत नाही, त्याला नवरा-बायकोची जोडीच लागते. म्हणून आत्याच्या मुलानं नातीचं लग्न ठरवलं. आत्या भांडली, जेवण सोडलं. लग्न झालंच.

दुसऱ्या वर्षीच्या हंगामाला मजुरांचा ट्रक डेअरीसमोर थांबला. नात मागं भांड्यांच्या ढिगापाशी बसली होती. तिचं तान्हं आत्याच्या मांडीवर होतं.

"आत्या, तू कावून निघालीस?" मी विचारलं.

"ही उसाच्या फडात गेल्यावर लेकरू कुनी बघायचं?"

नातीनं माझ्याकडं बघितलं नाही. ट्रक गेला.

मी आत आलो. माणसं दूध घेऊन खोळंबली होती. चेअरमनची सून स्क्रीनकडं बघत म्हणाली, "हे अडकलंय हो. आत्याला हाक मारा की."

"ती ऊसतोडीला गेली."

"आता? कधी येईल?"

"ऊस संपल्यावर," मी म्हणालो.