नलमध्ये टाकलेला आवाज

बाबांच्या घशाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा मी पवनीला घरूनच नोकरी करत होते. कंपनीचे सर्व्हर सांभाळणं हे माझं काम. डॉक्टर म्हणाले होते, आवाज राहील याची खात्री नाही. म्हणून नागपूरला जायच्या आदल्या दिवशी बाबांचा आवाज रेकॉर्ड करायचाच, असा मी हट्ट धरला.

रेकॉर्डिंगचा प्रोग्राम फुकटातला, कुणी लिहिला देव जाणे. असल्या पाहुण्याला मी सगळं घर मोकळं करून देत नाही. संगणकातच एक बंद खोली करून त्याला तिथे ठेवला. माझ्या संगणकाच्या युनिक्स प्रणालीत माइक, डिस्क, सगळी यंत्रं फाइल म्हणूनच दिसतात. खोलीत ज्याची फाइल ठेवाल तेवढंच आतल्या प्रोग्रामला सापडतं. मी फक्त माइकची ठेवली.

आधी चाचणी घेतली. चाचणीचा आवाज साठवायचा नव्हता, म्हणून तो 'नल'मध्ये सोडला. नल ही अशी यंत्र-फाइल, की तिच्यात टाकलं ते कायमचं गेलं. मी माइक इकडेतिकडे सरकवत होते आणि बाबा आईला हाका मारमारून धानाच्या रोवण्याच्या मजुरांवरून तिच्याशी मनसोक्त भांडत होते. मग खरं रेकॉर्डिंग सुरू केलं, तर हा माणूस गप्प!

"काय बोलू? मशीनसमोर मले काही सुचूनच नाही राहिलं," म्हणाले, आणि खोकत बसले. शेवटी चिडून मीच बंद केलं.

ऑपरेशन चांगलं झालं. आवाज मात्र गेला.

घरी आल्यावर एका दुपारी ती बंद खोली पुसून टाकायला घेतली, तर आतली नल चांगलीच फुगलेली. मी कपाळावर हात मारला. अगं बाई! नलची खरी यंत्र-फाइल मी त्या खोलीत ठेवलीच नव्हती. मग सिस्टीमने मुकाट्याने त्या नावाची साधी फाइल तयार करून चाचणीचा सगळा आवाज तिच्यात भरून ठेवला होता. याच चुकीवरून मी ऑफिसातल्या लोकांना झापते. त्या दिवशी मात्र आनंदाने रडूच आलं.

बाबा शेजारी खाटेवर बसले होते. मी फाइल लावली.

"अवो, कुठं गेली? पाणी आन ना! केव्हाचा आवाज देऊन राहिलो!"

"आली जी, आली! हात भरले हायेत माहे!" आई स्वयंपाकघरातून ओरडली आणि तांब्या घेऊन धावतच बाहेर आली. तिने बाबांच्या मिटलेल्या ओठांकडे पाहिलं, मग लॅपटॉपकडे. तांब्या बाबांच्या हातात दिला आणि मला म्हणाली, "पुन्हा लाव."