लोण्याच्या रंगाची खोली

लोक रंगाऱ्याला दोनच प्रश्न विचारतात. कधी संपणार, आणि हाच रंग ठरला होता का? दुसरा प्रश्न ऐकला की माझं डोकं फिरतं. शेडकार्डवरचा नखाएवढा चौकोन बघून रंग ठरवायचा, नवऱ्यानं ‘तुला आवडेल तो’ म्हणून हात झटकायचे, आणि चारही भिंती झाल्या की त्यानंच दारात उभं राहून म्हणायचं, जरा जास्तच गुलाबी वाटतोय. अरे बाबा, तेव्हा कुठे गेला होतास?

काट्याकडे हे असलं चालत नसे. काटा म्हणजे माझा जोडीदार. तराजूचा काटा जसा बरोबर मध्ये येऊन थांबतो तशी त्याची नजर, म्हणून सगळ्या रंगाऱ्यांनी मिळून ठेवलेलं ते नाव. मी त्याच्यासोबत अठ्ठावीस वर्षं काढली. भिंतीला पुट्टी लावायची, वाळली की पॉलिश पेपरनं घासायची, हे माझं काम. रंग त्याचा. मला तो घाशा म्हणायचा, आणि मीही ओ द्यायचो.

शेडकार्ड तो उघडायचाच नाही. पांढऱ्या रंगाच्या डब्यात बाटलीतला गडद रंग थेंब थेंब सोडायचा, काठीनं ढवळायचं, अंगठ्याच्या नखावर एक टिपका लावून खिडकीशी जायचं. मग भिंतीवर तीन पट्टे. एक खिडकीजवळ, एक कोपऱ्यात, एक दाराशी. घरातल्या बाईला सांगायचा, सकाळी बघा, दुपारी बघा, दिवा लावून बघा, उद्या सांगा. चमक हवी की नको हेही तो आधी विचारायचा. या खोलीत कोण बसणार, कोण झोपणार, ऊन कुठून येतं, सगळं विचारायचा. लोक वैतागायचे, पण पुढच्या वेळी त्यालाच बोलवायचे.

मग चारेक वर्षांपूर्वी एका शिक्षिकाबाईंची खोली झाली. त्यांना फिकट पोपटी हवा होता. झाला तो चक्क राखाडीकडे झुकलेला. बाई भांडल्या, काटाही भांडला. मी म्हटलं, बाईंचं काहीतरी बिनसलं असेल. पण महिन्याभरात आणखी दोन घरी तेच झालं तेव्हा मला उमगलं. त्याला पिवळा जास्त दिसत होता. कुठेही, कशातही. डब्यात पिवळ्याचे चार थेंब पाहिजेत तिथे दोन टाकून तो थांबायचा, आणि वर म्हणायचा, बास, चढला.

एकदा मी बोलून बघितलं. म्हटलं, डोळे दाखवून ये. त्यानं काठी डब्यात आपटली आणि आठ दिवस माझ्याशी शब्द बोलला नाही. नजर हीच त्याची सगळी कमाई होती, तिच्याबद्दल कोण ऐकून घेणार? मग मी दुसरी वाट धरली. तो चहाला गेला की डब्यात गुपचूप पिवळ्याचे दोन थेंब सोडायचे आणि ढवळून ठेवायचं. परत आल्यावर त्याला काही कळायचं नाही. तीन वर्षं मी हे केलं. वाटायचं, केवढी मैत्री निभावतोय मी! कसली मैत्री? भित्रेपणा होता तो. तेव्हाच धरून डॉक्टरकडे नेला असता तर पुढचं काही झालंच नसतं.

त्याची बायको, आमच्या वहिनी, त्याच सुमाराला अंथरुणाला खिळल्या. पाठीच्या कण्याचं दुखणं. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं की आता उठणं नाही, असतील तेवढे दिवस आरामात जाऊ द्या. त्यांची खोली म्हणजे रंगाऱ्याच्या घराला शोभेल अशीच. एक भिंत कुठल्या तरी दवाखान्याच्या उरलेल्या हिरव्याची, दुसरी कुणाच्या तरी जिन्याच्या तपकिरीची. वहिनींनी जन्मभर त्यावरून त्याला टोमणे मारले होते. आता म्हणाल्या, मला दिवसभर समोरचीच भिंत बघायची आहे, तर ती लोण्याच्या रंगाची करा. आणि चमक नको, आडवं पडल्यावर डोळ्यांवर येते.

काटा मला म्हणाला, पुट्टी लाव, घासून दे आणि जा. हिची खोली मी एकटा करणार. मी म्हटलं, निदान डबा ढवळायला येतो. तर म्हणाला, तुझ्यावाचून माझं काय अडतंय? खरं काय ते माझ्या ओठांवर आलं होतं. गिळलं आणि निघालो.

तिसऱ्या दिवशी बघायला गेलो. त्यानं वहिनींची खाट जागेवर आणून लावली होती, आणि स्वतः हात पुसत भिंतीकडे बघत उभा होता. काम असं की बोट फिरवलं तर कुठे लागत नव्हतं. ब्रशची एक रेघ नाही, चमकेचा लवलेश नाही. आणि रंग? कपड्यांना नीळ जास्त झाली की ते दिसतात ना, तसा. थंडगार, निळसर, मेल्या घरातला. काटा खुशीत सांगत होता की पिवळा फार चढला होता, म्हणून निळ्याचा एक थेंब टाकून बसवला.

मी तोंड उघडणार तेवढ्यात वहिनींनी त्याला पाणी आणायला पाठवलं. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, “भाऊजी, मी लोणी सांगितलं होतं. लोणीच आहे ते. दोन दिवस धड जेवले नाहीत ते या भिंतीपायी.”

मी मान हलवली. दुसरं काय करणार होतो?

त्या आठ महिने त्या भिंतीकडे बघत पडून होत्या. तो रोज संध्याकाळी दिवा लावून शेजारी बसायचा आणि म्हणायचा, बघ, उजेडात कसा खुलतो! त्या हो म्हणायच्या. मी गेलो की मात्र म्हणायच्या, खोली गार वाटते हो, दुसरं पांघरूण द्या. तो बिचारा खिडक्या बंद करत फिरायचा. शेवटी पांघरुणं तीन झाली होती. मग एका सकाळी त्या गेल्या.

त्यानंतर काटा कामावर यायचा, पण अंदाज चुकायला लागला. एकदा घोड्याच्या, म्हणजे आमच्या लाकडी शिडीच्या, पायरीवरून खाली आला आणि मनगट मोडून घेतलं. तेव्हा त्याची लेक सासरहून आली, आणि बापाचं काही न ऐकता त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला पिकलेला. डॉक्टर म्हणाले, काही वर्षं तुम्ही सगळं पिवळ्या काचेतून बघताय, आता ऑपरेशन झालं की खरे रंग दिसतील. लेक आनंदानं मला सांगत होती आणि माझ्या डोळ्यांसमोर वहिनींची ती भिंत आली.

मी तिला सगळं सांगितलं. ती माझ्यावर चिडली, रडली, आणि मग किल्ली माझ्या हातात ठेवली. म्हणाली, “काका, ऑपरेशननंतर बाबा आठवडाभर माझ्याकडे राहतील. तेवढ्यात ती भिंत लोण्याची करून टाका.”

अठ्ठावीस वर्षांत मी स्वतः रंग कधी बनवला नव्हता. बाजारातून खरं लोणी आणलं, वाटीत घालून खिडकीत ठेवलं आणि डबा ढवळत बसलो. त्याच्यासारखाच अंगठ्याच्या नखावर टिपका लावून वाटीशेजारी धरायचा. नवव्या वेळेला जमलं. भिंतीवर दोन हात मारले तेव्हा मी दारात बसून रडलो. हीच भिंत वहिनींनी मागितली होती, आणि ती बनवायला मला एक दिवस लागला होता.

काटा घरी आला तो काळा चष्मा लावून. चष्मा काढून आधी त्यानं स्वतःचे हात बघितले, मग लेकीचे पांढरे झालेले केस. तू कधी म्हातारी झालीस गं, असं म्हणून हसलाही. मग खोलीत गेला. भिंतीसमोर उभा राहिला आणि म्हणाला, लोणी. मी सुटलो असं मला वाटलं. लेकीनं पदरानं डोळे पुसले.

पण रंगारीच तो. दिव्यात रंग कसा दिसतो ते बघितल्याशिवाय त्याचं समाधान व्हायचं नाही. दिवा लावायला त्यानं बटणाकडे हात नेला आणि हात तिथेच थांबला. रंग देण्याआधी बटणांची पट्टी काढून ठेवायची, हे त्यानंच मला शिकवलं होतं. आणि मी घाईत पट्टीच्या कडेकडेनं ब्रश फिरवला होता. कडेला दोरीएवढी निळसर रेघ राहिली होती.

त्यानं खिशातून पेचकस काढला आणि पट्टी सोडवली. खाली तो निळा, तळहाताएवढा. मग त्यानं माझा हात धरून अंगठ्याचं नख उजेडात बघितलं. नखाच्या कडेला अजून पिवळं होतं.

“हा तिला असाच दिसत होता?”

“हो.”

“आणि तुला?”

“मलाही.”

मग मी काही लपवलं नाही. शिक्षिकाबाई, चहाच्या वेळचे थेंब, सगळं सांगितलं. वाटलं, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं एवढंच विचारलं की ती काय म्हणाली होती. मी सांगितलं, “लोणीच आहे ते, असं म्हणाल्या.”

तो आत गेला आणि खरवडायची पत्री घेऊन आला. माझ्या हातात दिली. म्हणाला, “घाशा, काढ. तिच्या डोळ्यांसमोर येत होती तेवढी.”

लेक मध्ये पडली, त्याच्या हातापाया पडली. त्यानं ऐकलं नाही. मी पत्री लावली. आयुष्यभर घासत आलेला मी, त्या एका दिवशी जुना रंग न घासताच त्यावर नवा मारला होता, त्यामुळे माझा लोण्याचा रंग सालीसारखा सहज सुटून आला. तासाभरात खाटेसमोर दाराएवढा निळसर चौकोन उघडा पडला. त्याची एक कड वाकडी झाली होती, ती त्यानं माझ्याकडून सरळ करून घेतली.

आता तो त्याच खाटेवर झोपतो. नजर पुन्हा काट्यासारखी झाली आहे, दुकानदार निरोप पाठवतात, पण ब्रशला त्यानं त्यानंतर हात लावलेला नाही. मी आठवड्यातून दोनदा जातो. तो माझ्याशी बोलतो, फार नाही, पण बोलतो. परवा गेलो तर भर उन्हाळ्याची दुपार, माझा शर्ट घामानं भिजलेला, आणि हा खिडक्या लावून भिंतीकडे तोंड करून पडलेला. मला म्हणाला, खोली गार वाटते रे, दुसरं पांघरूण दे.

मी दिलं.