लाल दोऱ्याची पुस्तिका

कुठलीही पुस्तिका हातात आली की चाचा ती आधी नाकाशी नेत. डोळे मिटून वास घेत आणि म्हणत, "ओल नाही. आता बघायला हरकत नाही." लोणावळ्यात कागद सांभाळायचा तर आधी नाकच तल्लख लागतं, हे मावळात पावसाळे काढलेल्या तुम्हाआम्हांला वेगळं सांगायला नको.

बाजारात त्यांचं छत्र्या दुरुस्तीचं दुकान होतं. माझं सोमाटणे फाट्यावर लग्नपत्रिका छापायचं. पहिल्यांदा ते बटर पेपर मागायला आले, तेव्हा मी विचारलं, "मिठाईसाठी हवाय का?"

"नाही बेटा. कवितांना गुंडाळायला."

पुढच्या रविवारी त्यांच्या घरी गेले आणि थक्क झाले. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत पुस्तिकाच पुस्तिका. कवींनी स्वतः छापलेल्या, हातानं शिवलेल्या, मोजक्या प्रतींच्या. अक्षरांचीच चित्रं केलेली. एकीत 'ळ' पानापानांतून घरंगळत खाली चालला होता. दुसरी उघडली तर जिन्यासारखी थेट जमिनीपर्यंत उलगडली, आणि पायरी-पायरीवर एकेक शब्द. मी भराभर पानं उलटायला लागले.

"घाई नको," चाचा म्हणाले. "ही बघायची असते. बघता बघता वाचून होते."

छत्री दुरुस्तीला आलेल्या एका पाहुण्यानं त्यांना अशी पहिली पुस्तिका भेट दिली होती. तिच्यावरच्या पत्त्यावर चाचांनी पत्र टाकलं, कवीनं आणखी दोन कवींची नावं कळवली, आणि मग हा नाद सुटलाच नाही. चाची मात्र वैतागायच्या. "यांच्या रद्दीपायी माझ्या साड्या खाटेखाली!"

चाचांचा एकच नियम होता. पुस्तिका उंबरठ्याबाहेर जायची नाही. मुंबईचे एक हौशी संग्राहक मोठी गाडी घेऊन आले होते, तेही चहा पिऊन हात हलवत परत गेले.

मग एका दुपारी एक म्हातारे कवी मुलीचा हात धरून आले. मी तिथंच होते. पुराचं पाणी त्यांच्या तळमजल्यावरच्या घरात शिरलं होतं. स्वतःचं म्हणून एकही पुस्तक उरलं नव्हतं. एक प्रत लोणावळ्यात आहे, एवढं कुणाकडून तरी कळलं होतं.

चाचांनी डबा उघडून पुस्तिका स्वच्छ फडक्यावर ठेवली. 'घर' हा एकच शब्द. दर पानावर त्यातला 'र' आणखी थोडा दूर सरकलेला. कवींनी अक्षरांकडे पाहिलंच नाही. मधलं पान उघडून ते शिवणीच्या लाल दोऱ्यावरून बोट फिरवत राहिले.

"हे टाके हिच्या आईचे," ते म्हणाले. "सगळ्या प्रती तिनंच शिवल्या होत्या. तिच्या हातचं आता एवढंच."

मुलीनं तोंड फिरवलं. चाचांनी पुस्तिका उचलली, सवयीनं नाकाशी नेली, बटर पेपरात गुंडाळली आणि कवींच्या हातात ठेवली.

"चाचा, अहो, दुसरी प्रत कुठंच नाही!" मला राहवेना.

"म्हणून तर," ते म्हणाले.

कवी नको नको म्हणत होते. "तुमच्याकडेच नीट राहील हो."

"नीट राहील. पण माझ्याकडे ती फक्त कविता आहे." मग एकदम गंभीर होत त्यांनी बजावलं, "भिंतीला टेकवून ठेवू नका. आणि पावसाळ्यात अधूनमधून वारा द्या."

त्या दोघांची गाडी दिसेनाशी झाली तरी ते दारातच उभे होते.

"वाईट वाटलं?" मी विचारलं.

"लय वाटलं," म्हणाले, आणि आत जाऊन उघड्या डब्यासमोर बसून राहिले. इतका मोठा माणूस मी इतक्या जवळून पूर्वी कधी पाहिला नव्हता.

गेल्या थंडीत चाचा गेले. मी अजूनही रविवारी जाते. डबे आता चाची उघडतात. परवा एक पुस्तिका निघाली, तिच्या एका पानावर नुसता एक ठिपका. चाचींनी चष्मा लावून पाहिलं, पान फिरवून पाहिलं.

"ह्याच्यात ते तासन्‌तास काय बघायचे गं?"

चाचींनी ते पान खिडकीच्या उजेडात सरकवलं, आणि आम्ही दोघी त्या ठिपक्याकडे बघत बसलो. चहावर साय धरली.