मांडी घालून बसलेली गाडी

बत्तीस वर्षं कल्याण डेपोची एस.टी. चालवलेल्या विठ्ठलरावांच्या बायकोला गाडी लागायची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. माणसाने पंचवीस वर्षांच्या विनाअपघात सेवेचा बिल्ला छातीवर मिरवावा, माळशेज घाटात विठ्ठलची गाडी नेहमी दहा मिनिटं आधीच पोचते अशी ख्याती कमवावी, आणि त्याच्याच गाडीत, त्याच्याच मागच्या सीटवर बसलेल्या शेवंतीबाईंनी मुरबाड गेलं की रुमाल तोंडाला लावावा! राघो कंडक्टर तर त्या चढताना दिसल्या की तिकिटाच्या आधी पिशवी हातात द्यायचा. डेपोतली माणसं पोट धरून हसायची. विठ्ठलरावही हसायचे, पण घरी आल्यावर त्यांना जेवण गोड लागायचं नाही.

त्यांच्या मते दोष एस.टी.चा होता. खडखडाट फार, डिझेलचा वास फार. निवृत्त झाल्यावर आपली स्वतःची गाडी घ्यायची, शेवंतीला शेजारी बसवायचं आणि थेट तिच्या माहेरच्या दारात, ओतूरच्या अलीकडे, ताठ उभी करायची, एवढीच एक इच्छा त्यांनी उरी बाळगली होती. निवृत्तीनंतर महिन्याभरात त्यांनी एक सेकंडहँड लाल गाडी घेतली. नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली, शेवंतीबाईंना शेजारी बसवलं आणि कोळसेवाडीतून टिटवाळ्याच्या गणपतीला निघाले. गणपतीने दर्शन दिलं, पण शेवंतीबाईंनी त्याच्याकडे धड पाहिलंही नाही. त्या देवळाबाहेर ओट्यावर लिंबू हुंगत बसल्या होत्या.

"आता बास," घरी येऊन त्या म्हणाल्या. "भावाची वास्तुशांत आहे पुढच्या महिन्यात. कळस घेऊन पुढं चालायचा मान थोरल्या बहिणीचा. भाचीच्या साखरपुड्याला काय झालं माझं? दिवसभर खाटेवर, नाकाला कांदा लावून. या वेळी पण तसंच झालं ना, तर गाडी विकायची आणि मला पुन्हा कुठं चल म्हणायचं नाही. सांगून ठेवते."

विठ्ठलराव दोन दिवस गाडीभोवती घिरट्या घालत होते. तिसऱ्या दिवशी अंघोळ करता करता त्यांना उलगडा झाला आणि ते साबण अंगावर तसाच ठेवून बाहेर आले.

"टायर!" ते ओरडले. "अगं, टायर!"

त्यांचं गणित सोपं होतं. सगळं आयुष्य त्यांनी सहा दांडग्या चाकांवर काढलं. या लाल गाडीचे टायर म्हणजे त्यांच्या लेखी सायकलचे. "हे बघ," ते पंचा सावरत म्हणाले, "उकिडवं बसलेला माणूस धक्का लागला की कलंडतो. मांडी घालून बसलेला कलंडतो का? आपली गाडी उकिडवी बसलीये. तिला मांडी घालून बसवायची."

लेक प्राची हे ऐकत होती. ती डोंबिवलीला एका कंपनीत इंजिनीयर. ती म्हणाली, "बाबा, कंपनीने विचार करूनच ती साइज दिलेली असते."

"कंपनीनं तुझ्या आईला घाटातून नेलंय का कधी?" विठ्ठलरावांनी विचारलं.

शीळफाट्याला साईनाथचं टायरचं दुकान आहे. दुकानात शिरताच विठ्ठलराव मिठाईच्या दुकानात सोडलेल्या पोरासारखे झाले. या टायरवर हात फिरव, त्याची नक्षी बघ, तिसऱ्याला थोपट. साईनाथने गाडी पाहिली, टायर पाहिला आणि मान हलवली.

"काका, एकशे पंचावन्न मिलिमीटर रुंदीच्या जागी एकशे पंच्याऐंशी? बसतील, पण घासतील. वळणावर जोरात घेतली की गाडी कलणार, आणि टायर वरच्या पत्र्याला लागणार. त्यात मागं वजन असलं तर बोलायलाच नको."

"कलणारच नाही. त्यासाठीच तर टाकतोय!"

"तुम्ही एस.टी.वाले ना?" साईनाथने हताशपणे विचारलं आणि जॅक लावला.

चारही टायर बसले. सोबत विठ्ठलरावांनी चकचकीत अलॉयची चाकंही घेतली, कारण हौसेला मोल नसतं आणि नव्या नवरीला जुन्या चपला शोभत नाहीत. गाडी जॅकवरून खाली आली. टायर पत्र्याच्या बाहेर बोटभर डोकावत होते. ती बिचारी लाल गाडी आता दंड थोपटून आखाड्यात उतरल्यासारखी दिसत होती. विठ्ठलरावांनी तिच्याभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या. परत येताना त्यांनी प्रत्येक सिग्नलला शेजारच्या गाडीवाल्याकडे बघून मान डोलावली. एका रिक्षावाल्याने "काका, एकदम रापचिक!" म्हटलं, तर त्यांनी त्याला थांबवून मागचेही टायर दाखवले.

घराच्या गल्लीत वळताना मात्र खालून आवाज आला. खर्रर्र! ओलं खोबरं खवणीवर धरावं तसा. विठ्ठलरावांनी इकडेतिकडे पाहिलं आणि रेडिओ मोठा केला.

वास्तुशांतीच्या दिवशी सकाळी सातला ते निघाले. मुहूर्त अकरा चाळीसचा. मागच्या सीटवर आंब्यांच्या दोन पेट्या, तांदळाची गोणी, पितळेची समई, साड्यांची बॅग. पुढे शेवंतीबाई, नवी जांभळी पैठणी, मांडीवर चार लिंबं आणि सहा पिशव्या. त्यांनी डोळे मिटून कुलदैवताचं नाव घेतलं. विठ्ठलरावांनीही घेतलं, पण टायरांसाठी.

मुरबाडपर्यंतचा रस्ता सरळ होता. गाडी रस्त्याला अशी धरून चालली होती की विठ्ठलरावांना गाणं सुचायला लागलं. "बसलीये की नाही मांडी घालून?" त्यांनी चारदा विचारलं. शेवंतीबाई तोंड उघडायला तयार नव्हत्या, त्यांनी नुसती मान हलवली.

मग घाट लागला. पहिलंच वळण विठ्ठलरावांनी गेली बत्तीस वर्षं घेत आले तसं घेतलं, जोरात आणि झोकात. खर्रर्र! मागून जळक्या रबराचा वास आला. दुसऱ्या वळणावर त्याहून मोठा खर्रर्र, आणि शेवंतीबाईंनी एक पिशवी उघडली.

टायर घासून फुटला तर वास्तुशांत राहील बाजूला, दरीत आपलीच शांत होईल. विठ्ठलरावांनी वेग कमी केला. आवाज थांबेना. अजून कमी केला. काटा दहाच्याही खाली आला तेव्हा कुठे पत्रा आणि टायर यांचं भांडण मिटलं. मग काय, माळशेजचा वाघ बैलगाडीच्या चालीने घाट चढू लागला. मागे गाड्यांची वरात लागली. हॉर्नवर हॉर्न. एक टेम्पोवाला ओरडला, "ओ काका, ढकलू का?" एक एस.टी. बाजूने निघून गेली. तिच्या ड्रायव्हरने वाकून आधी टायरांकडे आणि मग आपल्या जुन्या गुरूकडे पाहिलं, आणि त्याच्या तोंडावर जे हसू फुटलं ते विठ्ठलरावांना जन्मभर विसरता येणार नाही. त्यांचे कान तापले. दहा मिनिटं आधी पोचणारा विठ्ठल आज मुहूर्त चुकवणार! प्रत्येक वळणाला ते "सांभाळ गं माझे आई" म्हणत स्टिअरिंग असं हळू फिरवत होते, जणू हातात काठोकाठ भरलेलं दुधाचं पातेलं आहे.

घाट संपला तेव्हा त्यांनी भीत भीत शेजारी पाहिलं. शेवंतीबाई काच खाली करून बाहेर बघत होत्या. उघडलेल्या पिशवीत त्यांनी करवंदं भरून ठेवली होती. मघाशी एका वळणावर एक बाई टोपली घेऊन गाडीच्या बरोबरीने चालत आली होती, तिच्याकडून त्यांनी चालत्या गाडीतून भाव करून घेतली होती.

"किती सुंदर आहे हो हा घाट," त्या म्हणाल्या. "मी पहिल्यांदा बघितला."

विठ्ठलरावांचा आनंद गगनात मावेना. "टायर!" ते स्टिअरिंगवर थाप मारून ओरडले. "म्हटलं नव्हतं? रुंद टायर!"

अकरा वाजून वीस मिनिटांनी लाल गाडी भावाच्या नव्या घरापुढे उभी राहिली. शेवंतीबाई उतरल्या. पैठणीला एक चुणी नाही, तोंडावर टवटवी. भावजय लक्ष्मी हातात कांदा आणि पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली होती, ती जागच्या जागी थबकली.

"अगं बाई! वन्सं, तुम्ही तर ठणठणीत!" ती म्हणाली. "मग आज गाडी कुणी चालवली? दाजी न्हाई आले व्हय?"

तेवढ्यात पलीकडचं दार उघडून दाजी उतरले. लक्ष्मीने जीभ चावली. अंगणात उभ्या असलेल्या पाचपंचवीस माणसांनी एकदम दुसरीकडे बघायला सुरुवात केली.

विठ्ठलरावांनी बायकोकडे पाहिलं. "म्हणजे? दुसऱ्याच्या गाडीत तुला..."

"नाही लागत," शेवंतीबाई हळूच म्हणाल्या. "कधीच नाही लागली. तुम्ही दुसऱ्या रूटला असलात की मी इथवर शेंगा खात यायची. तुम्ही वळणं अशी घेता हो, आतडी बाहेर येतात."

"मग बोलली का नाहीस बत्तीस वर्षं?"

"बिल्ला केवढ्या कौतुकानं लावायचात. आणि तुमची गाडी असताना ती सोडून दुसऱ्याच्या गाडीत बसले असते, तर डेपोत काय म्हणाले असते तुम्हाला?"

आपल्या अब्रूसाठी ही बाई बत्तीस वर्षं पिशवीत तोंड घालून बसली! विठ्ठलरावांना लाज वाटली, भरून आलं, आणि मग त्या सगळ्याच्या खालून असं हसू उसळलं की त्यांना बॉनेटचा आधार घ्यावा लागला. ते हसले तसं अंगण हसलं. भटजी मुहूर्त मुहूर्त म्हणून कोकलत होते, तेही शेवटी हसले.

शेवंतीबाईंनी कळस उचलला आणि ताठ मानेने उंबरा ओलांडला. विठ्ठलराव मागे, डोळे पुसत.

दुपारच्या पंगतीत त्यांनी जिलेबी वाढणाऱ्या शेवंतीबाईंना हळूच सांगितलं, "घरी गेलो की मूळचे टायर लावून घेतो. घासतात गं हे."

"खबरदार!" शेवंतीबाई म्हणाल्या आणि त्यांच्या पानात दोन जिलब्या जास्तीच्या टाकल्या. "हात लावायचा नाही त्यांना. लवकर जेवा. उद्या लेण्याद्री, परवा भीमाशंकर. आणि घरी परतताना नाशिकवरून जायचं."

"नाशिक वाटेवर नाही."

"मला माहितेय," शेवंतीबाई म्हणाल्या आणि पुढच्या पानाकडे वळल्या.